मागचे पाय गेलेली मांजर: कोकणातल्या घरात तिची देखभाल

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांची दीड वर्षाची मांजर, घरात तिला मनी म्हणतात, दोन महिन्यांपूर्वी स्कूटरखाली सापडली. एक्स-रेमध्ये कमरेच्या वरचा मणका सरकलेला दिसला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवलं, जखमा भरल्या, पण मागचे पाय आणि शेपटी लुळीच राहिली. खाते चांगली, पुढच्या पायांवर घरभर सरपटते. लघवी ‘आपोआप होते’, त्यामुळे अंथरूण सतत ओलं. शेजारी म्हणतात बंदरावर सोडा, मासे खाऊन जगेल. एका नातेवाइकांनी इंजेक्शन देऊन सुटका करायला सुचवलं. पाऊस तोंडावर आलाय. ती जगेल का, सांभाळायचं कसं, गाडी करून घ्यावी का, आणि गणपतीत घर भरलं की काय करायचं, असं त्या विचारतात.

ताई, मनी जगू शकते, आणि चांगली जगू शकते. कणा दुखावून मागचे पाय गेलेली मांजरं वर्षानुवर्षं घरात मजेत राहिलेली मी माझ्या दवाखान्यात येताना पाहते आहे. लुळ्या पायांनी मांजर मरत नाही. ती मरते तुंबलेल्या लघवीने, ओल्या कातडीने आणि पावसाळ्यात त्या ओलीवर बसणाऱ्या माशांनी. या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, आणि त्या शिकायला मुंबई-कोल्हापूर गाठावं लागत नाही.

बंदराचा विचार मनातून काढून टाका. तिथे मासे मिळतात हे खरं, पण ते धडधाकट बोक्यांना आणि कुत्र्यांना मिळतात. मनीची लघवी काढणारं तिथे कुणी नसेल आणि काही दिवसांतच तिचे हाल सुरू होतील. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हासुद्धा आहे. शेजाऱ्यांना तेवढं जरूर सांगा.

आता पाय. या आशेत घरची माणसं फार दिवस अडकून पडतात, म्हणून स्पष्ट लिहिते. बोटाला चिमटा काढला की मनी पाय आखडून घेते, म्हणजे पायात जीव आहे, असं तुम्ही कळवलंय. पाय आखडणं हे मज्जारज्जूचा खालचा भाग स्वतःच्या स्वतः करतो. मेंदूपर्यंत काही पोचलं नाही तरी ते होतं. पोचलं की नाही, हे मांजराच्या तोंडाकडे बघून कळतं. बोटाचं हाड चिमट्यात दाबल्यावर ती वळून बघते का, ओरडते का, चावायला येते का? तसं झालं तर खोल वेदनेची जाणीव शाबूत आहे आणि चालण्याची आशा धरायला जागा आहे. तुमच्या डॉक्टरांनी हीच तपासणी केली, मनीने मानही वळवली नाही, मणका सरकलेला आहे आणि दोन महिने उलटलेत. अशा वेळी पाय परत येण्याची शक्यता फार थोडी. पुढे कधी ते पावलं टाकल्यासारखे हलताना दिसले तर तीही बहुधा त्या खालच्या भागाचीच हालचाल असेल. ती पाहून नसांच्या टॉनिकांवर पैसे घालू नका. ते पैसे दर काही महिन्यांच्या लघवीच्या तपासणीला लागणार आहेत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. मागचे पाय जाण्यामागे दरवेळी अपघात नसतो. मांजर अचानक किंचाळली, दोन्ही पाय गेले, ते हाताला गार लागताहेत आणि तळव्यांची गादी फिकट किंवा निळसर पडलीय, तर रक्ताची गाठ अडकलेली असू शकते. मूळ दुखणं बहुतेकदा हृदयाचं असतं. पावसाळ्यातल्या रात्री बाहेर फिरलेली मांजर सकाळी ढिली पडली, मान धरवत नाही, श्वास उथळ आहे, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. दोन्हींत प्रश्न तासांचा असतो. आणि तीन-चार महिन्यांचं पिल्लू नुसत्या भातावर आणि माशाच्या गरावर वाढलेलं असेल, तर कॅल्शियमच्या अभावाने हाडं इतकी पातळ होतात की साध्या उडीनेही मणका दबतो. ते वेळेत ओळखलं तर आहार बदलून बरीच पिल्लं सावरतात.

आता मुख्य काम, लघवी. ‘आपोआप होते’ हे तुमचे शब्द वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली. या दुखापतीत मूत्राशय भरतं, पण मांजराला ते रिकामं करता येत नाही. भरून वाहू लागलं की थेंब थेंब बाहेर गळतं. घरच्यांना वाटतं लघवी होतेय. आत मात्र जुनी लघवी साचून राहते, तिच्यात जंतू वाढतात, मूत्राशयाची भिंत ताणून ताणून ढिली पडते आणि शेवटी संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. अंथरूण ओलं आहे याचा अर्थ मूत्राशय रिकामं आहे असा अजिबात नाही.

म्हणून ते हाताने दाबून रिकामं करायचं. दिवसातून तीन वेळा, साधारण आठ-आठ तासांनी, चार वेळा जमलं तर उत्तम. मोरीत किंवा जुन्या परातीवर मनीला उभ्यासारखी धरा, छाती तुमच्या मनगटावर टेकू द्या. दुसऱ्या हाताचा अंगठा पोटाच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे. तिथे मोठ्या लिंबाएवढा, पाण्याने भरलेला गोळा हाताला लागेल. तो सापडला की बोटांच्या पेरांऐवजी सपाट बोटांनी, सावकाश, एकसारखा दाब देत शेपटीच्या दिशेने न्यायचा. धार सुरू झाली की दाब तसाच ठेवा, गोळा हाताखालून नाहीसा होईपर्यंत. झटके द्यायचे नाहीत, पुन्हा पुन्हा चिमटायचं नाही. कडक लेंडी आणि मूत्राशय यांत सुरुवातीला घोटाळा होतो. लेंडी पाठीच्या बाजूला आणि कडक लागते, मूत्राशय खाली आणि दाबलं जाणारं.

माझा अनुभव असा, की ज्यांनी गाई-म्हशींची धार काढली आहे त्यांचे हात हे फार लवकर शिकतात. तुमच्या सासूबाई अजून गोठा बघतात असं तुम्ही लिहिलंय. पहिला धडा त्यांनाच घेऊ द्या. पण धडा डॉक्टरांसमोर झाला पाहिजे, वाचून किंवा व्हिडिओ बघून नाही. तालुक्याच्या दवाखान्यात काम गुरांचं जास्त असलं तरी हे दाखवायला तिथले डॉक्टर पुरेसे आहेत. त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून दाब किती तो समजून घ्या आणि दोन-तीन दिवस लागोपाठ जाऊन तपासून घ्या.

काही मांजरांत मूत्राशयाचं तोंड आवळलेलं राहतं आणि दाबूनही धार येत नाही. तिथे जोर वाढवू नका. मूत्राशय फुटू शकतं. तोंड सैल करणारी औषधं असतात, ती डॉक्टर देतील. गोळा दगडासारखा टणक आहे, दाबल्यावर काहीच येत नाही, मांजर ओकतेय किंवा मलूल आहे, तर तो त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याचा प्रसंग. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्यांच्यात हा धोका आणखी मोठा. लघवी गढूळ झाली, लाल झाली, वास एकाएकी उग्र झाला, तर नमुना तपासायला द्या. संसर्ग नसताना खबरदारी म्हणून प्रतिजैविकं चालू ठेवायची नाहीत. त्याने पुढे औषधंच लागू पडत नाहीत.

शौचाचं एवढं अवघड नसतं. पोट दाबताना बऱ्याचदा लेंडी सरकते, कोमट पाण्यात भिजवलेला कापूस गुदद्वारावर फिरवला तर उरलेली बाहेर येते. शिजवलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर जेवणात घाला. दोन-तीन दिवस काहीच झालं नाही तर डॉक्टर. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही द्यायचा नाही, त्याने मांजर दगावते. एरंडेलही नको.

कातडीचं आता. मागच्या भागाचे केस डॉक्टरांकडून बारीक कापून घ्या. सगळ्या मांजराला अंघोळ घालायची नाही, फक्त मागचा भाग कोमट पाण्याने धुवायचा आणि पंच्याने टिपून पूर्ण कोरडा करायचा. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात चालतो. खोबरेल लावलंत तर मुंग्यांवर लक्ष ठेवा. मागच्या भागाला मुंग्या डसल्या तरी मनीला कळणार नाही, आणि तांबड्या मुंग्या एका रात्रीत कातडी सोलवटून टाकतात. बाळांच्या डायपर क्रीममध्ये बहुतेकदा झिंक असतं. मांजर ते चाटते आणि झिंक विषारी आहे, म्हणून ते नको. डायपर प्रवासापुरता ठीक. आपल्या दमट हवेत तासन्‌तास बांधलेल्या डायपरखाली कातडी शिजते. मूत्राशय नीट रिकामं होत असेल तर डायपरची गरजही फारशी राहत नाही.

रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन तिचा मागचा भाग बघा: कमरेची हाडं, मांडीचा खालचा भाग, टाचा, बोटांच्या वरची बाजू, शेपटीचं मूळ. लाल डाग पडला की त्याच दिवशी खालचं अंथरूण जाड करा. कोकणातल्या घरांत जमिनीचे चार प्रकार एका घरात असतात. लादीवर ती अलगद घसरते, तिथे जखमा कमी. कोबा जुना असला की खरखरीत होतो. जांभ्याच्या पायऱ्या आणि अंगण म्हणजे किसणीच. तिला माजघरात आणि ओटीवर ठेवा, अंगणात सोडायची तर कुणीतरी सोबत असू द्या. जुन्या सुती लेगिंगच्या पायाची पिशवी शिवून मागच्या भागावर घातली तर सरपटताना घर्षण कमी होतं, पण ती ओली झाली की लगेच बदलायची. काथ्याची पायपुसणी आणि आंब्याच्या पेटीतला पेंढा तिच्याखाली नको, दोन्ही टोचतं. रिकामी आंब्याची पेटी मात्र खिळे काढून, कडा घासून, एक बाजू उतरवून झोपायला छान होते. आत जुन्या सुती साडीच्या घड्या घाला.

फिनेल बंद करा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. फिनेलमधली फिनॉलवर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाहीत, आणि मनी तर पोट टेकून सरपटते, मग अंग चाटते. लादी साबणाच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने.

आणि चूल. मांजर उबेला जाणारच. पण मागच्या अंगाला चटका कळत नसताना ती वैलाला टेकून झोपली तर भाजून कातडी निघाल्यावरच तुम्हाला समजेल. गरम पाण्याची पिशवीही थेट अंगाखाली ठेवू नका. चुलीसमोर लाकडी पाट आडवा लावून ठेवला तरी पुरतं.

आता पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जूनपासून चार महिने कपडा वाळत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. आत्ताच जुन्या साड्या फाडून भरपूर तुकडे करून ठेवा, उन्हात कडक वाळवून डब्यात भरा. ज्या दिवशी कापड वाळणार नाही त्या दिवशी वर्तमानपत्राच्या जाड घड्यांवर एकच कापड अंथरा. जाड गोधडी पावसात निरुपयोगी, एकदा भिजली की आठवडा तशीच. केस गळून गोल चट्टे दिसले तर ती बहुधा बुरशी असते आणि मुलांनाही लागते. लगेच दाखवा.

सर्वांत जास्त भीती माशांची. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माशांना अंडी घालायला जखमच लागते असं नाही. लघवीने किंवा शेणाने भिजलेले केस त्यांना पुरतात. अंडी पांढरी, बारीक, पुंजक्याने चिकटलेली असतात आणि एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. म्हणजे काल संध्याकाळी बघितलं होतं, आज बघायचं राहिलं, एवढ्यानेही घात होतो. दिवसा ती झोपली की वरून बाळाची घडीची मच्छरदाणी ठेवा. मासे साफ केलेलं पाणी आणि खवलं तिच्या जागेपासून लांब टाका. अंडी दिसली तर बारीक दातांच्या फणीने किंवा केस कापून काढा. अळ्या दिसल्या तर वाट न बघता दवाखाना. गुरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन, रॉकेल, डांबरगोळीची पूड, तंबाखूचं पाणी, यांतलं काहीही मांजराला लावायचं नाही. अळ्या मरतील, आणि मांजरही.

त्याच ओघात औषधांचं. पॅरासिटामॉलची माणसांची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. मनी कण्हतेय म्हणून कुणी प्रेमाने अर्धी गोळी चुरून देईल, ते होऊ देऊ नका. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजरांना घातक.

खाण्यात तिची चरबी वाढू न देणं महत्त्वाचं, कारण सगळा भार आता पुढच्या दोन पायांवर आहे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात, हिला थोड्या कमीच. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. मासे उकडून, काटे काढून द्या. तारलीसारख्या काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. पण रोज नुसते मासे नकोत. कोंबडी, अंडं आणि थोडं तरी मांजरांचं तयार खाद्य ठेवा, त्यात टॉरिन (मांजरांना लागणारा एक आवश्यक पोषक घटक) आणि कॅल्शियम मोजून असतं. कालवणातला मासा देऊ नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. सुकट आणि सुके बोंबील खारट. दुधाने बऱ्याच मांजरांना ढाळ होते, आणि मागचा भाग स्वच्छ ठेवायचा असताना ढाळ म्हणजे फार मोठा त्रास. पाणी भरपूर पोटात गेलं पाहिजे. मासा उकडलेलं बिनमिठाचं पाणी त्या कामी छान, ती ते आनंदाने पिते.

पायांचा व्यायाम दिवसातून दोनदा, प्रत्येक सांधा हळूच वाकवणं आणि सरळ करणं, दहा-पंधरा वेळा. याने चाल परत येणार नाही, पण सांधे आखडणार नाहीत आणि पाय खाली अडकणार नाहीत. ती स्वतःची बोटं किंवा शेपटी चावू लागली तर दुर्लक्ष करू नका, काही मांजरं ती कुरतडून टाकतात. चावता येऊ नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालून लगेच दाखवा.

गाडीबद्दल माझं मत वेगळं आहे. पीव्हीसी पाइप आणि लहान चाकांची गाडी गावातला कारागीरही करून देईल, पण कोकणातल्या घरात दर खोलीला उंबरठा. मांजर गाडीत असताना बसू शकत नाही, वळू शकत नाही, कुत्रं आलं तर खाटेखाली शिरू शकत नाही. बहुतेक मांजरं गाडीपेक्षा सरपटण्यातच जास्त मोकळी असतात. करायचीच तर दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, लादीवर, समोर बसून. त्याआधी उंबरठ्यांना दोन्ही बाजूंनी फळीचे उतार करा आणि फळीवर कापड ठोका. मनीला त्याचा उपयोग जास्त होईल.

लुळी मांजरही माजावर येते आणि गाभण राहू शकते. या कण्याने ती बाळंतपण झेलणार नाही. प्रकृती स्थिर आहे तर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या, आणि रेबीजची लस दरवर्षी. लघवी काढताना ती चावली तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रात्री तिला दार लावून आतच ठेवायचं, ओटीवर नाही.

नातेवाइकांनी सुचवलेल्या इंजेक्शनबद्दल. मनी खातेय, फिरतेय, अंग चाटून स्वच्छ ठेवतेय. आज त्याला काही कारण मला दिसत नाही. पाय गेल्याचं दुःख मांजर आपल्यासारखं उगाळत बसत नाही. खाणं सुटलं, औषधं देऊनही संसर्ग उलटत राहिला, जखमा हाडापर्यंत गेल्या, ती कोपऱ्यात जाऊन कुणाला हात लावू देईना, तर मात्र डॉक्टरांशी त्या विषयावर बोला. आणि एखाद्या घरात दिवसातून तीन वेळा लघवी काढणारं खरंच कुणी नसेल, दुसरं घरही मिळत नसेल, तर तेव्हाही बोला. अर्धवट देखभालीत मांजर सडत ठेवण्यापेक्षा तो निर्णय दयेचा असतो, आणि तो घेणाऱ्या माणसाला मी कधीही दोष देणार नाही.

गणपती. चाकरमानी येतील, घरात वीस माणसं, पोरं मनीला उचलणार, दारं उघडी राहणार, लादी फिनेलने पुसली जाणार, फटाके वाजणार. आधीच ठरवून एक खोली किंवा माळ्याखालची बंद जागा तिची करा आणि दाराला कडी घाला. पोरांना सांगा, उचलायचं तर एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. त्या गडबडीत दुपारची लघवी हमखास राहते, म्हणून वेळा कागदावर लिहून दारावर लावा आणि जो करेल त्याने खूण करायची. घरात निदान तीन माणसांना हे काम आलं पाहिजे, तुम्ही, सासूबाई आणि शेजारचं एक कुणीतरी. बंदरावर सोडा म्हणणाऱ्यांपैकीच एखाद्याला शिकवून बघा. जुलै संपायच्या आत ते शिकवून झालं, म्हणजे उत्सवापर्यंत त्यांचा हात बसलेला असेल.